उत्तर आल्याशिवाय

वारा सुटला की आई ओठांत टाचण्या धरायची. शिवणकाम करणाऱ्या बायका धरतातच, हाताशी असाव्यात म्हणून. पण आईच्या मशीनवर कापड नसलं तरी, दिवसाचं काम आवरून झालं असलं तरी, चौकाकडून पहिली झुळूक आली की ती डबीतून चिमूटभर टाचण्या उचलायची, ओठ त्यांच्यावर घट्ट मिटून घ्यायची आणि पायडलवरचा पाय थांबवून ऐकत बसायची. अशा वेळी काही विचारलं तर नुसती मान हलवायची. बोलायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि उघडल्या तोंडातून कोणता शब्द आधी बाहेर पडेल याचा तिला भरवसा नव्हता.

चौकात ते शिल्प उभं राहिल्यापासूनची ही सवय. नगरपालिकेनं नवी जलवाहिनी टाकली तेव्हा जुने लोखंडी पाइप जमिनीतून उकरून काढले होते. ते भंगारात जाणार होते, तेवढ्यात एका शिल्पकार बाईंनी ते मागून घेतले, तापवून वाकवले, एकमेकांत गुंतवले आणि माणसाच्या दुप्पट उंचीचा तो गुंता चौकाच्या मधोमध रोवला. काही पाइपांची तोंडं आभाळाकडे, काही माणसाच्या कमरेशी, कानाशी. वारा एका तोंडातून शिरतो, आतल्या अंधारात कुठेकुठे वळतो आणि भलत्याच तोंडातून बाहेर पडतो. त्या वेळी ते सगळं लोखंड घुमतं. चौथऱ्यावरच्या पाटीवर ‘प्रवाह’ असं नाव कोरलेलं होतं. गाव त्याला ‘आतडी’ म्हणायचं. ‘आतड्यांपाशी भेटू’, ‘आतड्यांवरून डावीकडे वळा’, असं सगळं सर्रास चालायचं, आणि पाहुणे दचकायचे.

बाबा पाणीखात्यात फिटर होते. नव्या किंवा दुरुस्त केलेल्या वाहिनीत पाणी सोडण्याआधी आमच्या गावातले फिटर एक गोष्ट करत, ती मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. एक जण वरच्या टोकाला, व्हॉल्व्हजवळ, गुडघे टेकून पाइपाला तोंड लावायचा आणि हाक द्यायचा, “आहेस का?” दुसरा खालच्या टोकाला कान लावून बसलेला असायचा. हाक स्वच्छ पोचली तर वाटेत चिंधी, वीट, मेलेली घूस, काही अडकलेलं नाही असं समजायचं. मग खालचा म्हणायचा, “आहे.” म्हणजे मी जागेवर आहे, माझं टोक तयार आहे, सोड. त्यानंतरच व्हॉल्व्ह फिरायचा. यातला एक नियम कोणीही मोडत नसे. हाक देणाऱ्यानं उत्तर आल्याशिवाय पाइपावरून तोंड काढायचं नाही. ऊन असो, चिखल असो, खालचा गडी विडी शोधत बसलेला असो. दिलेली हाक देणाऱ्याच्या गळ्यात बांधलेली असते, असं बाबा म्हणत.

त्यांचा जोडीदार जन्माचा अबोल. सगळे त्याला घुम्या म्हणायचे; मी घुम्याकाका. “दिवसभरात एकच शब्द बोलतो,” बाबा आईला सांगायचे, “पण वेळेवर बोलतो. तुझ्या भावांपेक्षा बरा.” 

बाबा गेले ते हाक देऊनच. जुन्या वाहिनीचा एक तुकडा दुरुस्त करून पुन्हा जोडला होता. वरून हाक आली, घुम्याकाकानं खालून “आहे” म्हटलं, पण पाणी आलं नाही. त्यानं पुन्हा म्हटलं. मग चर धरून तो वर चालत गेला. बाबा गुडघ्यांवरच होते. कपाळ पाइपाच्या कडेला टेकलेलं, तोंड आत. बघणाऱ्याला वाटावं, उत्तराचीच वाट बघताहेत. डॉक्टर म्हणाले, हृदय. आईनं डॉक्टरांना काहीच विचारलं नाही. घुम्याकाका दारात उभा होता, त्याला विचारलं, “तुमचं उत्तर पोचलं होतं का?” उत्तर दिलं, एवढंच त्याला ठाऊक होतं. पोचलं की नाही ते दुसऱ्या टोकालाच कळतं.

शिल्प उभं राहिलं तेव्हा आई ते पाहायला गेली नव्हती. भाजी घेऊन परतताना तिची वाट तिथून गेली, इतकंच. आमच्या गल्लीकडे तोंड करून असलेल्या एका पाइपाच्या कडेला डांबराचा जुना थर होता आणि त्या थरात एका अंगठ्याचा ठसा. सांध्यावर डांबर लावलं की ते जमलं का हे बाबा अंगठा दाबून पाहायचे. त्या अंगठ्याला लहानपणीच्या जखमेची तिरपी रेघ होती. आईनं पिशवी खाली ठेवली आणि आपला अंगठा त्या खळग्यात बसवला. त्याच वेळी वारा सुटला असावा. ती घरी आली तेव्हा पिशवी तिच्याबरोबर नव्हती.

“हे हाक देताहेत,” ती म्हणाली.

मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. दिवसभर दुसऱ्यांच्या नजरेतला दोष माझ्या बोटांखाली असतो, त्यामुळे दिसण्या-ऐकण्याबद्दल मी चटकन कोणाला खोटं ठरवत नाही. सुरुवातीला मला नुसतं घुमणं ऐकू यायचं. मग एका संध्याकाळी दुकानातून परतताना, चौक ओलांडत असताना, पाठीमागून अगदी साध्या आवाजात कोणीतरी विचारलं, “आहेस का?” आवाज बाबांचा होता का, ते मला सांगता येणार नाही. लोखंडातून आलेला आवाज कोणाचाच नसतो. पण मी थांबले, आणि उत्तर अगदी जिभेच्या टोकावर आलं, जसं घरातून कोणी हाक मारली की येतं.

त्या दिवशी वारा पडल्यावर मी आईला विचारलं, “उत्तर का देत नाहीस मग?”

तिनं ओठांतल्या टाचण्या एकेक काढून डबीत टाकल्या. “वेडी आहेस का? उत्तर दिलं की ते तोंड काढतील.”

“आणि नाही दिलं तर?”

“तर आहेतच की तिथे.”

असा संसार मी कुठे पाहिला नव्हता: एकानं विचारत राहायचं, दुसऱ्यानं उत्तर राखून ठेवायचं, आणि एवढ्यावर दोघांचं चालायचं. तिनं पुन्हा स्वतःसाठी कपडे शिवायला घेतले. वाऱ्याच्या दिवशी ती केस नीट विंचरायची. पण दुकानात भिंग चाकावर धरलेलं असताना कधीकधी मनात यायचं की त्या बाजूला कोणीतरी गुडघ्यांवर आहे, आणि त्याचे गुडघे दुखत असतील.

मग नगरपालिकेची सूचना लागली. शिल्पकार बाईंचे उरलेले पैसे आणि दरवर्षीच्या देखभालीचा खर्च मंजूर करायचा की नाही, हे रहिवाशांच्या सभेत ठरणार होतं. नामंजूर झालं तर शिल्प लगेच कापून भंगारात. आईनं ती सूचना फळ्यावर वाचली, घरी आली आणि मशीनला तेल घातलं. इतकं तेल घातलं की पुढचे कितीतरी दिवस कापडांवर डाग पडत होते.

*

सभा दुपारी होती. सभागृहाच्या खिडक्या चौकाकडे उघडतात. आतल्या घडीच्या खुर्च्या कोणी उठलं-बसलं की किंचाळतात, आणि भिंतीवरचे दोन पंखे एकमेकांकडे मान वळवून काहीतरी नाकारत असतात. खिडकीतून शिल्प दिसत होतं आणि त्याच्यापलीकडे गॅस कटरवाल्याचा टेम्पो. निकालाआधीच तो येऊन उभा होता. आई आणि मी मधल्या रांगेत बसलो. हवा पडलेली होती, तरी तिनं निघतानाच ओठांत टाचण्या धरल्या होत्या. घुम्याकाका मागच्या भिंतीशी, टोपी हातात घेऊन उभा.

नगराध्यक्षाबाईंनी विषय वाचला आणि विचारलं, “कोणाला बोलायचंय?” अख्खं सभागृह एकदम बोलायला लागलं.

सलूनवाला पहिला उठला. “बाई, कलेला आपला विरोध नाही. कला पाहिजे. पण वारा सुटला की माझा आरसा थरथरतो. उद्या वस्तरा सटकून गिऱ्हाइकाचा कान गेला, तर तो कोणत्या खात्यातून भरून देणार? कलेच्या का पाणीखात्याच्या?”

“एरवी तुझ्याकडून दोन्ही कान घेऊन कोण परत गेलंय?” मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले. सलूनवालाही हसला, पण बसताना त्यानं खिडकीकडे पाहिलं.

मग सर उठले. निवृत्त मुख्याध्यापक, अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलेलं आणि उरलेल्या अर्ध्याला बाकावर उभं केलेलं. “ज्या गावात निरुपयोगी अशी एकही वस्तू नाही, ते गाव गोदाम असतं,” ते म्हणाले. “पोट भरल्यावर माणूस वर पाहतो. तेव्हा वर काहीतरी असावं लागतं.”

“सर, वर पाहूनच सांगतोय,” औषधवाले म्हणाले. ते चौकातल्या औषधांच्या दुकानाचे मालक. विरोधकांचे पुढारी तेच होते. “दवाखान्याचं छत गळतंय. खाली बादली ठेवलीय. तीच आणून चौकात मांडा, पाटी लावा ‘प्रवाह’ म्हणून. तिला देखभालही लागत नाही.”

“बादली उपयोगाची वस्तू आहे. कला तशी नसते.”

“ते दिसतंयच आम्हाला!”

हशा ओसरेपर्यंत नगराध्यक्षाबाई टेबलावर पेन आपटत राहिल्या. मग त्या शिल्पकार बाईंकडे वळल्या. त्या पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, कोणाची तरी चूक निस्तरायला आल्यासारख्या बसल्या होत्या. “तुम्ही तरी सांगा. त्या आवाजामागची तुमची कल्पना काय होती?”

शिल्पकार बाई उभ्या राहिल्या. “काहीच नव्हती,” त्या म्हणाल्या. “मला वाकलेलं लोखंड दाखवायचं होतं. जमिनीखाली इतकी वर्षं सरळ राहिलेली वस्तू वर आल्यावर कशी वळते, तेवढंच. ते वाजेल असं मी केलंच नव्हतं. आतून पाइप जागोजागी बंद आहेत. वाकवताना चेपले, मी ते तसेच ठेवले.” त्या थांबल्या. “या तोंडातून शिरलेला वारा त्या तोंडाला पोचू शकत नाही.”

खुर्च्यांचं किंचाळणं बंद झालं. अन् जणू याच वाक्यासाठी अडून राहिलेला वारा त्या क्षणी सुटला. खिडकीचा पडदा आत फुगला. चौकात लोखंडानं आधी घसा साफ केल्यासारखा आवाज केला, आणि मग ते घुमणं हळूहळू सभागृहात पाण्यासारखं चढत गेलं, पावलांपासून वर.

“ती खिडकी लावा,” औषधवाले म्हणाले. कोणीतरी लावली. फरक पडला नाही.

“खर्चाचा मुद्दा—” सरांनी सुरुवात केली.

“खर्च गेला खड्ड्यात!” औषधवाले ओरडले. त्यांच्या कपाळावर घाम होता. “मी संध्याकाळी दुकानाचं शटर ओढत असतो आणि ते मला विचारतं. रोज. पाठीमागून.”

कोणी हसलं नाही. “काय विचारतं?” नगराध्यक्षाबाईंनी विचारलं, पण ज्या हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, त्यावरून त्यांना उत्तर माहीत होतं हे सगळ्यांना कळलं.

“आहेस का, म्हणून. मी आपला गुमान कुलूप लावतो. काय बोलू मी? आहे म्हणू?”

“म्हणू नका!” सलूनवाला जागेवरून म्हणाला, आणि आपण किती मोठ्यानं बोललो ते कळून त्यानं तोंडावर हात धरला.

मग ते एकेकाच्या तोंडून निघालं. शाळेतली शिक्षिका म्हणाली, तिला वर्गातल्या खिडकीतून ऐकू येतं, आणि तेव्हा ती हजेरी घेत असली तर तिची जीभ अडखळते. सलूनवाल्याच्या बायकोनं घराची चौकाकडची बाजू कपाटं लावून बुजवली होती. सर चष्मा काढून पुसत म्हणाले, “मला वाटलं, माझं वय.” गावातल्या प्रत्येकाला विचारलं गेलं होतं, आणि प्रत्येकानं आपल्याला एकट्यालाच विचारलं जातंय असं समजून ते लपवून ठेवलं होतं; छताची गळती, देखभालीचा खर्च, दुकानाचा आरसा हे सगळं त्याच्यावर पांघरलेलं पांघरूण होतं. उत्तर मात्र कोणी दिलं नव्हतं. आमच्या गावात पाइपातल्या हाकेचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ‘आहे’ म्हटलं की वरचा सोडतो. काय सोडेल, हे कोणालाच माहीत नव्हतं.

आई उठली. तिनं माझा हात हातात घेतला, तळवा उघडला आणि ओठांतल्या टाचण्या त्यात काढून ठेवल्या. त्या ओल्या आणि कोमट होत्या. 

“ते तुम्हाला विचारत नाहीयेत,” ती म्हणाली. “मला विचारताहेत. तुम्ही मध्ये येता म्हणून तुम्हाला ऐकू येतं.”

तिनं अंगठ्याच्या ठशाचं सांगितलं. हाकेचं सांगितलं. भाजीचा भाव सांगावा तसं सरळ सांगितलं, आणि म्हणूनच कोणाला मध्ये बोलता आलं नाही. “घाबरण्यासारखं काही नाही त्यात. ते फक्त कामावर आहेत. मी उत्तर दिलं की ते जातील, म्हणून मी देत नाही. एवढंच. तुम्ही ते कापू नका. देखभाल लागत असेल तर मी करीन. तेलपाणी मला जमतं.”

औषधवाले उठून आमच्या रांगेशी आले. आई आजारी होती तेव्हा रात्री दुकान उघडून औषध देणारे ते हेच. “काकू,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातली सभा संपली होती. “रागावू नका. पण माणूस कामावर असेल तर त्याला कधीतरी सुट्टी द्यावी लागते. तुम्ही त्यांना गुडघ्यांवर ठेवलंय.”

आईनं मागे वळून भिंतीकडे पाहिलं. “तुम्ही सांगा ना,” ती घुम्याकाकाला म्हणाली. “तुम्ही तरी सांगा यांना.”

सगळ्या माना वळल्या. घुम्याकाकाच्या हातातली टोपी गोल फिरत होती. ती थांबली. “मी दिलं होतं उत्तर,” तो म्हणाला. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. “अजूनही देतो. रोज सकाळी जाऊन देतो. माझं पोचत नाही, वहिनी.”

आई खाली बसली. बाहेर वारा वाढला होता आणि बंद काचेमागून तो प्रश्न आता न लपवता येत होता, पुन्हा पुन्हा, न रागावता.

नगराध्यक्षाबाईंनी मतदान पुकारलं. “शिल्प ठेवू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.”

हात वर गेले. मोजण्याची गरजच नव्हती. सलूनवाल्याचा, त्याच्या बायकोचा, शिक्षिकेचा, आणि खूप उशिरानं, कोपरात वाकलेला, सरांचा. त्या हातांच्या झाडीतून आईनं खिडकीकडे पाहिलं. टेम्पोतून कटरवाला उतरत होता. उद्या नाही, परवा नाही. अजून थोड्या वेळानं तो त्या पाइपाला ज्योत लावणार होता, आणि आत कोणीतरी तोंड लावून बसलेलं.

ती उठली आणि रांगेतून बाहेर पडली. ओठ पुसायला गेली असेल, पाणी प्यायला गेली असेल, असं मला वाटलं. मग हातातल्या टाचण्या टोचल्या. मुठीत होत्या त्या. तिच्या ओठांत नव्हत्या.

मी उभी राहिले. रांग भरलेली होती. वर केलेले हात खाली घ्यावेत की नको या विचारात माणसं वाटेत अडून होती. “जाऊ द्या, मला जाऊ द्या,” म्हणत मी दारापर्यंत पोचले आणि तिथेच थबकले. चौकातून, त्या सगळ्या लोखंडातून, प्रत्येक तोंडातून एकदम, माझ्या आईचा आवाज आला.

“आहे.”

वारा पडला. तो हळूहळू कमी झाला नाही. कोणीतरी श्वास घेऊन धरावा तसा तो होता तिथे थांबला. अन् तेव्हा आम्हाला कळलं की ते घुमणं वर्षभरात कधीच पुरतं बंद झालेलं नव्हतं. हवा निश्चल असतानाही ते आमच्या बोलण्याच्या तळाशी होतं. त्याच्यावरच आम्ही बोलत होतो, जेवत होतो, झोपत होतो. आता ते काढून घेतलं गेलं आणि सभागृहाला एकदम स्वतःचे पंखे, स्वतःची घड्याळं, स्वतःचे श्वास ऐकू आले.

मग पाणी आलं. ते शिल्प कशालाच जोडलेलं नाही. चौथऱ्याखाली नुसतं काँक्रीट आहे. तरी आधी एक लांब गुडगुड झाली, आणि आभाळाकडच्या, कमरेच्या, कानाच्या, सगळ्या तोंडांतून गंजानं लालसर झालेलं पाणी बाहेर पडलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहिनी स्वच्छ आहे हे तपासून झाल्यावर सोडतात तसं, नेटकं, भरपूर. लोक खिडक्यांशी गोळा झाले. कोणी ओरडलं नाही. पाणी जितकं सोडायचं होतं तितकं सुटलं आणि थांबलं. शेवटचे थेंब पडताना ऐकू येत होते.

“बंद झालं,” सलूनवाला कुजबुजला.

सगळे कान देऊन उभे राहिले. काही नाही. एक जण हसला, मग दुसरा, आणि पाहता पाहता सगळ्या सभागृहाला ताप उतरल्यासारखं झालं. कोणी कोणाच्या पाठीवर थाप मारली. औषधवाल्यांनी कपाळ पुसलं आणि खिडकीतून शिल्पाकडे प्रथमच नीट पाहिलं. ओलं लोखंड उतरत्या उन्हात तांब्यासारखं चमकत होतं.

“तसं दिसायला वाईट नाही हो,” ते म्हणाले. “आवाजाचाच काय तो प्रश्न होता. आता गप्प झालंय तर असू दे की.”

नगराध्यक्षाबाईंनी पुन्हा मत घेतलं. या वेळी शिल्प ठेवण्याच्या बाजूनं हात वर गेले. पैसे मंजूर, देखभाल मंजूर. सर गहिवरून म्हणाले, शेवटी गावानं कलेला जागा दिली. शिल्पकार बाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. आतून बंद असलेल्या त्यांच्या पाइपांतून हाक पोचली होती; त्यांनी दोन्ही तळवे कानांवर धरले होते, आणि त्या ते काढायला तयार नव्हत्या.

*

मी चौकात पोचले तेव्हा आई त्या पाइपासमोर उभी होती. गुडघ्यांपर्यंत भिजलेली. तिच्या अंगठ्याला डांबर लागलं होतं. कटरवाला टेम्पोला टेकून, हातातली नळी विसरून, तिच्याकडे बघत होता.

“काय ठरलं?” तिनं विचारलं.

सांगावं की नाही, मला कळेना. “ठेवायचं ठरलं.”

“हो का.” तिनं पायाखालच्या थारोळ्याकडे पाहिलं. “जरा थांबायला हवं होतं मी. नाही?”

“आई, चल घरी.”

“नेहमी घाई होते माझी. हे म्हणायचेच.”

सभागृहातून माणसं बाहेर पडत होती. ती आमच्याजवळून, शिल्पाजवळून, न बिचकता, गप्पा मारत जात होती. एकानं जाताजाता पाइपावर टिचकीसुद्धा मारली. तो टण आवाज तिथल्या तिथे मेला. आईनं ते पाहिलं. मग तिनं ओल्या फरशीवर गुडघे टेकले, बाबांच्या ठशात अंगठा बसवला आणि पाइपाला तोंड लावलं. जन्मात कधी तिनं बाबांना एकेरीत हाक मारली नव्हती.

“आहेस का?”

मी तिच्या खांद्याला हात लावला. खांदा लोखंडासारखा होता. ती तोंड काढणार नव्हती. फिटरची बायको होती ती, नियम तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. चौक रिकामा होत गेला. उन्हं उतरली. थोड्या थोड्या वेळानं ती विचारायची, न रागावता, आणि पुन्हा ऐकत राहायची, आणि तिचे गुडघे पाण्यात होते.

घुम्याकाका माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्यानं काही न बोलता माझं मनगट धरलं आणि मला शिल्पाला वळसा घालून पलीकडे नेलं. पाइपांच्या त्या गुंत्यात कोणतं तोंड कोणत्या तोंडाचं आहे ते त्याला माहीत होतं. रोज सकाळी येऊन तो बाबांना उत्तर द्यायचा ते याच ठिकाणी. गावाच्या पाण्याच्या टाकीच्या टेकडीकडे वळलेलं एक तोंड त्यानं मला दाखवलं. मग तो बाजूला झाला. त्याचं पोचत नव्हतं. माझं कदाचित पोचलं असतं. तिला घरी न्यायचं तर कोणीतरी ‘आहे’ म्हणायला हवं होतं, आणि मी तिची मुलगी होते.

मी वाकले. तोंड लावण्याआधी पाइपाची कडा तळव्यानं पुसायला गेले, तर ती कोमट होती. ओलसर कोमट. पाण्यानं नव्हे, कोणी नुकत्याच तोंडाला लावलेल्या पेल्याची कडा लागावी, तशी. आतून, फार लांबून, आईचा प्रश्न आला. अन् माझ्या गालाशी, माझ्या आणि लोखंडाच्या मधल्या एवढ्याशा जागेत, कोणीतरी बोलण्याआधी घेतात तसा श्वास आत घेतला.

मागे घुम्याकाकानं डोक्यावरची टोपी काढली.

उत्तर द्यायची ती जागा माझी नव्हती. मी ती सोडली. मागे सरकले, एक पाऊल, आणखी एक. तोंडातून चुकून काही निघू नये म्हणून मूठ उघडली, आणि आईच्या टाचण्या ओठांत घट्ट मिटून घेतल्या.